डावीकडचा ठोकळा

मंगळवार, ३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच खिळ्यांच्या डब्याखाली सारून ठेवशील, म्हणून हे वहिनीच्या नावाने पाठवते आहे. वहिनी, तुलाही नमस्कार. आता हे त्याच्या हातात दे आणि तो शेवटपर्यंत वाचेतो दारात उभी राहा, म्हणजे पळायला वाट राहणार नाही.

तुझी पाठ कशी आहे, वर्कशॉपचं छत गळायचं थांबलं का, लेकीचं कसं चाललंय, सगळं विचारायचं आहे. पण आधी बातमी सांगते, नाहीतर माझं पोट फुटेल. आपला जुना हॉल आठ वर्षांनी पुन्हा उघडतोय आणि पहिला कार्यक्रम माझा आहे! ऑपेरा नाही, वाद्यवृंद नाही, मुकुट नाही की खंजीर नाही. फक्त मी आणि पियानो. रविवारी, २२ तारखेला, दुपारी चार वाजता.

व्यवस्थापकाचा फोन आला तेव्हा मी रंगमंचामागच्या बोळात होते, अंगावर राणीचा झगा, तिसऱ्या अंकात विष पिऊन मरायची तयारी. "बाई, तुमच्याशिवाय कोणाला बोलावणार?" असं तो म्हणाला. मी भारदस्त आवाजात "डायरी बघून कळवते" म्हटलं, फोन ठेवला आणि त्या झग्यासकट जागच्या जागी तीन उड्या मारल्या. कपडेवाल्या बाई धावत आल्या. म्हणाल्या, "कुठे गेला उंदीर?" त्या रात्री मी इतक्या आनंदाने मेले की पडदा पडल्यावर संचालक म्हणाला, राणीला मरणाची एवढी हौस कधीपासून?

हिशेब केला तर आजवर मी एकशे बारा वेळा मेले आहे रे. क्षयाने, विषाने, सुरीने, दोनदा कड्यावरून उडी मारून (खाली गाद्या असतात, एकदा नव्हत्या, पण ते नंतर सांगेन). पहिली चार वर्षं मोलकरणींची कामं केली, तबक घेऊन यायचं आणि "बाईसाहेब, ते आले" एवढंच गायचं. मग एका बाईचा पाय मोडला आणि मी रातोरात बाईसाहेब झाले. तेव्हापासून गळ्याला मफलर, सूटकेसमध्ये किटली, आणि दर गावात खिडकीची फट कुठे आहे ते आधी बघायचं. नवरे दोन झाले, सूटकेस अजून तीच आहे.

पण हा हॉल वेगळा. रंगमंचाच्या सहा पायऱ्या, तिसरी करकरणारी. आईचा निळा झगा आखूड करून मी तिथे शिष्यवृत्तीच्या परीक्षेला उभी होते, एकोणीस वर्षांची. शेवटचं गाणं या वेळीही तेच घेतलं आहे, गच्चीवालं. बाबांनीच नाव ठेवलं होतं ना त्या वरच्या सुराला? "जिन्यात दमायचं नाही, थेट गच्चीवर जायचं आणि तिथून सगळ्यांना हाक मारायची." आणि तू खालून ओरडायचास, "भोंगा वाजला रे, कामावर चला!" मग सगळी गल्ली मला भोंगाच म्हणायला लागली.

मी व्यवस्थापकाला विचारलं, पियानो कोणता? तर म्हणाला, तोच जुना. सुरात कोण लावतं? तो हसला. "बाई, तुमचेच भाऊ की! दुसऱ्याला हात लावू देतात का ते?"

तेवढ्यासाठी हे पत्र. म्हणजे तेवढ्यासाठी असं नाही, पण तेवढ्यासाठीही. पियानो तूच लावशील ना? आणि बसशीलही ना ऐकायला? दोन तिकिटं जोडली आहेत, मधल्या रांगेतली.

बाबा गेले तेव्हा जे झालं ते झालं. मला निरोप उशिरा मिळाला, तू संतापलेला होतास, मीही कमी नव्हते. अकरा वर्षं झाली. ते उकरायला मी लिहीत नाहीये. मी आनंदात आहे आणि आनंद सांगायला माणूस लागतं, एवढंच.

उत्तर पाठव. एक ओळ चालेल.

तुझी बहीण


शनिवार, १४ मार्च

प्रिय दादा,

वहिनीचं कार्ड आलं. अख्ख्या कार्डावर तीन वाक्यं आहेत: "वाचलं. काही बोलले नाहीत. रात्री परत वाचलं." तुझ्याबरोबर राहून तीही पोस्टकार्डाची काटकसर शिकली म्हणायची!

इथे माझी नुसती धावपळ चालली आहे. सगळी तिकिटं गेली, दादा. रेडिओवाले ध्वनिमुद्रण करणार आहेत. माझ्या गाण्याच्या जुन्या बाई, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांनी कळवलंय की कानातलं यंत्र त्या नवीन घेऊन येतील, तेव्हा मी कुठे चुकले ते त्यांना ऐकू येईल. पियानो वाजवणारी मुलगी सव्वीस वर्षांची आहे, कागद उलटा धरला तरी वाजवेल अशी. माझा नवा झगा गडद हिरवा आहे. मला झोप येत नाही, भूक मात्र राक्षसासारखी लागते.

आता दुसरी गोष्ट. तिच्यासाठी मी आठ दिवस पेनचं टोपण काढत होते आणि परत लावत होते.

गच्चीचं दार लागलं आहे. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतो, गळा ठणठणीत आहे, वय झालंय एवढंच. आमच्या थिएटरात स्वरलिप्या सांभाळणारे एक म्हातारबा आहेत. त्यांनी माझ्यासाठी एक निळ्या पुठ्ठ्याचा गठ्ठा करून ठेवला आहे, सगळ्या वादकांची पानं अर्धा सूर खाली उतरवलेली. मी गाणार असले की तोच गठ्ठा मांडला जातो. वादक काही बोलत नाहीत, संचालक बोलत नाही, लोकांना कळत नाही. दोन वर्षं मी एक पायरी खाली उभी राहून गच्चीवर असल्यासारखे हात पसरते आहे. असं गाणारी मी पहिली नाही, आमच्यात हे चालतं. पण कोणी सांगत नाही.

तिथे निळा गठ्ठा नसेल. त्या मुलीला अर्धा सूर खाली वाजवायला सांगितलं तर ती वाजवेल आणि चार जणांना सांगेल, सांगायचंच वय आहे तिचं. वर रेडिओ. वर बाई आणि त्यांचं नवीन यंत्र.

म्हणून विचारते. तू त्या वेळी जे केलंस ते परत एकदा करशील?

बाबांना पोचवून आल्यावर वर्कशॉपमध्ये तू काय म्हणालास, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "परीक्षेच्या आदल्या दिवशी तो पियानो मी पाव सुराने उतरवून ठेवला होता. तू गच्चीवर गेलीच नव्हतीस. गच्चीच मी खाली आणली होती." मी सूटकेस उचलली ती आजतागायत. तसं बघितलं तर मला काय फरक पडायला हवा होता? त्यानंतर मी ती गच्ची पुऱ्या वाद्यवृंदाबरोबर शेकडो वेळा गाठली होती. पण दादा, सुरुवातच खोटी निघाली की मागचं सगळं डळमळतं. अकरा वर्षं त्या सुराच्या आधी श्वास घेताना मला तुझा आवाज ऐकू येतो.

तर आता तेच कर. पाव सूर खाली घे, सगळ्या तारा सारख्या. तेवढं मला पुरेल, मी इथे करून पाहिलंय. तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला कळणार नाही. या घराने मला एकदा फसवून वर चढवलं, एकदा फसवून खाली उतरू दे.

हे लिहिताना लाज वाटते आहे. पण पाठवते आहे.

तुझी बहीण


सोमवार, २३ मार्च, सकाळ

अरे दादा,

तू आहेस तरी काय चीज!

काल दुपारी बारालाच मी हॉलवर पोचले. दारातच व्यवस्थापक तापल्या तव्यावर उभा असल्यासारखा नाचत होता. "बाई, पियानोचा एक तुकडा नाहीये! तुमचे भाऊ सकाळी सहाला आले, दहाला गेले, आणि जाताना तुकडा घेऊन गेले!" मी धावत रंगमंचावर. पियानो चकचकीत पुसलेला, आणि पट्ट्यांच्या डाव्या टोकाला असतो तो लाकडी ठोकळा गायब. दात पडलेल्या पोरासारखा दिसत होता. ठोकळ्याशिवायही पियानो वाजतो हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. मला ठोकळ्याचं काही पडलेलं नव्हतं. मी पर्समधून बाबांचा नादकाटा काढला. (हो, मीच नेला होता. तुझ्या खणातून, त्याच दिवशी. तू वहिनीवर आळ घेतला असशील तर तिची माफी माग.) गुडघ्यावर आपटला, कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने पट्टी दाबली.

सूर पूर्ण. केसाइतकाही फरक नाही.

मी तिथे उभी राहून तुला ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून दिवे लावणारा माणूस शिडीवरून खाली उतरला. अकरा वर्षांनी एक गोष्ट मागितली, आणि तीसुद्धा लाज गुंडाळून! तोंडाने नाही म्हणायचं होतंस, म्हणजे मी दुसरं गाणं तरी घेतलं असतं. चार तासांवर कार्यक्रम, कार्यक्रमपत्रिका छापलेली, रेडिओची गाडी दारात.

तशीच तणतणत कपडे बदलायच्या खोलीत गेले, तर आरशासमोर हिरव्या बनातीच्या कापडात काहीतरी गुंडाळलेलं. वर एक स्क्रू ड्रायव्हर. चिठ्ठी नाही. तुझ्याकडून चिठ्ठीची अपेक्षा करणारी मीच वेडी. उघडलं तर ठोकळा.

मी विसरलेच होते, दादा. बाबांची ती पद्धत मी साफ विसरले होते. पियानो लावून झाला की ठोकळा काढायचा आणि खालच्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलीने तारीख घालून जे केलं ते लिहायचं. "पियानोला सांगता येत नाही, म्हणून आपण लिहायचं. आणि एकदा लिहिलं की ते खरंच असलं पाहिजे." गिऱ्हाइकाशी बोलताना बाबा वाटेल त्या थापा मारायचे, पण ठोकळ्यावर कधी नाही.

मी तो खिडकीशी नेऊन वाचला. मुंगीएवढी अक्षरं. "पेडल करकरतं, तेल दिलं." "उंदराने घर केलेलं, पाच पिल्लं, बाहेर सोडली." "अध्यक्षांनी वर फुलदाणी सांडली. अध्यक्षांना कळवलं." आणि मग चौतीस वर्षांपूर्वीची १७ जून, तुझ्या अक्षरात:

"सूर पूर्ण. उद्या भोंग्याची परीक्षा."

त्याखाली बाबांचं तिरकं अक्षर: "तपासलं. पूर्ण."

मी खुर्चीवर बसले. आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम करायला लागले. माझ्याबरोबर आलेल्या कपडेवाल्या बाई म्हणाल्या, "बाई, डोळे आत्ताच रंगवलेत मी!" त्यांना म्हटलं, परत रंगवा, आज काही खरं नाही.

म्हणजे तू खोटं बोललास. ती गच्ची माझीच होती. एकोणीस वर्षांची, आखूड झग्यातली मी स्वतःच्या पायाने वर गेले होते, आणि तुला ते माहीत होतं, आणि अकरा वर्षं तू गप्प बसलास! अरे, एक कार्ड टाकायचं होतंस! "वाचलं" असं लिहायला वहिनीला जमतं, "खोटं होतं" असं लिहायला तुझा हात मोडला होता का? माझं परवाचं पत्र वाचून तुला काय वाटलं असेल? जे तू कधी केलंच नाहीस, ते मी परत कर म्हणून विनवत होते.

खूप रागावले तुझ्यावर. साधारण दहा मिनिटं.

मग राग पुढे जाईना, कारण दगड मारायला माझा हात तरी कुठे मोकळा आहे. पहिल्या पत्रातही मी लिहिलं, निरोप उशिरा मिळाला. दादा, निरोप साडेपाचला मिळाला होता. थिएटरच्या दरवानाने माझ्या हातात दिला. "बाबा बरे नाहीत, लगेच निघ." सातला पडदा उघडायचा होता आणि तो माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या भूमिकेचा पहिला प्रयोग होता. मी कागदाची घडी घातली आणि पावडरच्या डब्याखाली ठेवली. मला वाटलं, बाबा थांबतील. बाबा कायम थांबायचे ना माझ्यासाठी, शाळेबाहेर, परीक्षेबाहेर, स्टेशनवर? मी गायले. त्या रात्री गच्चीवरून अशी हाक मारली की लोक उभे राहिले. आणि बाबा तेव्हा गेलेले होते.

तुला हे ठाऊक होतं, हो ना? दरवानाने तुला फोनवर सांगितलं असणार की निरोप दिला म्हणून. आणि मी तुझ्यासमोर उभी राहून म्हणाले, उशिरा मिळाला. तेव्हा तुझ्या हाती जे सापडलं ते तू फेकून मारलंस. जिथे लागायचं तिथे बरोबर लागलं. आपण दोघं एकाच बापाची मुलं, नेम चांगला आहे.

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. दोन्ही नवऱ्यांनाही नाही. आता पुढचं ऐक, कारण काल मजा आली, दादा, फार मजा आली!

ठोकळा हातात, वाजले होते सव्वातीन. भुवया रंगवायची पेन्सिल उचलली होती, ती ठेवली आणि व्यवस्थापकाकडून साधी शिसपेन्सिल मागवली. तुझ्या शेवटच्या नोंदीखाली, कालच्याच, चार बोटं जागा होती. तिथे एक ओळ लिहिली. काय लिहिलं ते तू ठोकळा काढशील तेव्हा बघशीलच, पण मला दम निघत नाही म्हणून इथेच सांगते: "सूर पूर्ण. गाणारी अर्धा सूर खाली." लिहून ते पुन्हा वाचून पाहिलं. एकदा लिहिलं की ते खरं करावं लागणार होतं.

मग हिरवा झगा गुडघ्यापर्यंत गोळा करून मी पियानोखाली शिरले आणि ठोकळा बसवला. पियानोवाली मुलगी टॉर्च धरून होती. पडद्यापलीकडे लोक येऊन बसत होते. खालूनच तिला विचारलं, "शेवटचं गाणं अर्धा सूर खाली वाजवशील?"

"आत्ता? तालीम न करता?"

"आत्ता."

"वाजवेन की. पण लोकांना कळेल, मॅडम."

"कळू दे. मीच सांगणार आहे."

तिने टॉर्च माझ्या तोंडावर मारला, चेष्टा करते आहे का ते बघायला.

पहिला भाग झकास झाला. मध्यंतरात तू आलास, हे मला पडद्याच्या फटीतून दिसलं. दोन तारा जरा उतरल्या होत्या, त्या चढवल्यास आणि रंगमंचाच्या कडेला खुर्चीवर मांडीवर बॅग घेऊन बसलास, बाबा बसायचे तसा. मधल्या रांगेतली तिकिटं फुकट घालवलीस. मला वाटलं तुझ्याकडे धावत यावं, पण तू पसार झाला असतास.

शेवटचं गाणं आलं. मी पुढे गेले आणि म्हटलं, "हे गाणं मी याच जागी एकोणीस वर्षांची असताना पूर्ण सुरात गायले होते. त्याची लेखी नोंद आहे. आज अर्धा सूर खाली गाणार आहे. गच्ची खूप वर्षं वापरली, आता एक पायरी खालून हवा खाते." मग पहिल्या रांगेतून माझ्या बाई मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं, मग सुरू कर ना!" आणि सगळा हॉल हसला.

मी गायले. दादा, दोन वर्षं मी तो सूर लपवत गात होते, आणि लपवणाऱ्याला श्वास पुरत नाही. काल पुरला, उरला. सुराच्या आधी मी तुझा आवाज येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. शब्द ऐकू आले, गाण्याचेच, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वरच्या सुरावर मी वळून कडेला पाहिलं. तुझे डोळे मिटलेले होते आणि उजव्या हाताचं एक बोट वर होतं. तार बरोबर बसली की बाबा धरायचे तसं.

टाळ्या संपेनात. बाई उभ्या राहिल्या, एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने कानातलं यंत्र सावरत. मी चार वेळा वाकून नमस्कार केला, पाचव्यांदा तुला ओढून आणायला वळले, तर खुर्ची रिकामी. बॅगेसकट फरार! व्यवस्थापक म्हणाला, "जाताना विचारत होते, ठोकळा नीट बसलाय का."

नीट बसलाय. चारही स्क्रू घट्ट आहेत. तरी तू काढून बघणार, मला माहीत आहे.

मी गुरुवारपर्यंत इथेच आहे, हे पत्र व्यवस्थापकाच्या हाती आजच पाठवते आहे. उद्या सकाळी वर्कशॉपवर येते, नादकाटा परत घेऊन. वहिनीला सांग, चहा लागेल, आणि तू घरात नसलास तर मी दारात उभी राहून गच्चीवरून मारायचे तशी हाक मारेन. अर्धा सूर खाली असली तरी गल्ली गोळा होईल.

आणि एक काम. ठोकळ्यावर माझ्या ओळीखाली मी बोटभर जागा सोडली आहे. माझं खरं-खोटं सगळं आता तुझ्यापुढे आहे. "तपासलं" असं लिहायला बाबा नाहीत, तूच आहेस. पेन्सिल पियानोवरच ठेवून आले आहे.

तपासणीची वाट बघणारा,
तुझा
भोंगा